न घेतलेलं सोडताना

"हे तुम्ही घेतलेलंच नव्हतं सर, मग सोडलंत कशाला?" असं समृद्धी म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर डब्यातली उरलेली भेंडी संपवायला लागली. धनाजीला मात्र खुर्चीत बसवेना. तो उठला, खिडकीपाशी गेला, खाली टायरच्या दुकानासमोर एक पोक्त माणूस ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता ते बघत राहिला, परत येऊन बसला, परत उठला. पोरीनं उद्धटपणा केला होता असं नाही. कॉलेजातून बाहेर पडून सहा-सात महिने झालेली पोरगी, स्क्रीनवर बोट ठेवून तिनं एक ओळ दाखवली आणि मनात आलं ते विचारलं. उत्तरही साधं होतं. चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. पण ते वाक्य त्याच्या कानातून खाली उतरेना; जेवताना घशाशी शिताचा कण अडकावा आणि पाणी पिऊनही जाऊ नये, तसं ते कुठंतरी अडकून बसलं.

धाराशिवात बार्शी नाक्याजवळच्या त्या ऑफिसात सगळी मिळून पाचच माणसं होती. वाहनं तोलायच्या काट्यांचं सॉफ्टवेअर ते सांभाळायचे. काट्यावर ट्रॅक्टर चढला की वजन उमटायचं, कॅमेरा ट्रॉलीचा फोटो काढायचा, पावती छापून यायची. प्रोग्राम जुना होता, सुट्या सुट्या भागांचा. वजनाचा भाग वेगळा, कॅमेऱ्याचा वेगळा, छपाईचा वेगळा, आणि हे भाग एकमेकांना ठरलेल्या दारांतूनच बोलायचे. सोयाबीनचा हंगाम सुरू झाला आणि एका खासगी काट्यावर हा प्रोग्राम मधूनच आपोआप बंद पडायला लागला. कधी दहा गाड्या नीट जायच्या, कधी तिसऱ्यालाच पडदा काळा. मग रांग लागायची, ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवायचे, काट्यावरचा माणूस धनाजीला फोन लावून नुसता फोन बाहेर धरायचा, तो गोंगाट ऐकवायला. धनाजीनं केबल बदलायला लावली, कॅमेरा बदलायला लावला, कॉम्प्युटरचा पंखा साफ करून घेतला. आपल्या लिहिण्यात काही असेल हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं, कारण सोडण्याच्या बाबतीत त्याच्याइतका काटेकोर माणूस त्या ऑफिसात दुसरा नव्हता.

त्या जुन्या पद्धतीत एक नियम असतो. कॅमेऱ्यासारखी एखादी वस्तू प्रोग्रामात तयार झाली की तिच्या पोटात एक आकडा असतो: मला कितीजणांनी धरलंय. ज्यानं धरलं त्यानं तो एकानं वाढवायचा, काम झाल्यावर ज्याचं त्यानं सोडायचं आणि एकानं कमी करायचा. शून्य झालं की कोणाला माझी गरज उरली नाही असं समजून ती वस्तू स्वतःलाच पुसून टाकते. धरून सोडलं नाही, तर ती कायमची अडून राहते, आणि अशा अडलेल्या वस्तूंनी हळूहळू सगळी जागा खाऊन टाकली जाते. हे पहिलं दुखणं धनाजीला पक्कं ठाऊक होतं. दुसरं दुखणं उलटं. मूळ प्रोग्राम आपल्या हातातला कॅमेरा धनाजीच्या फंक्शनला फक्त वापरायला द्यायचा, शेजारणीनं चाळणी द्यावी तसा. धनाजीचं फंक्शन फोटो काढायचं आणि शेवटच्या ओळीत, मोठ्या निष्ठेनं, कॅमेरा सोडून द्यायचं. त्यानं तो धरलेलाच नव्हता. आकडा मात्र उतरायचा, कॅमेरा पुसला जायचा, आणि ज्यानं खरोखर धरला होता तो पुढच्या गाडीला किंवा त्याच्या पुढच्या गाडीला त्या रिकाम्या जागेवर हात घालायचा आणि कोसळायचा. यातली वाईट गोष्ट ही, की जिथं चूक होते तिथं काहीच होत नाही. तिथं सगळं शांत, नीटनेटकं असतं. पडतं ते दुसरीकडं, दुसऱ्याच्या अंगणात, आणि म्हणून पंधरा दिवस तो केबली बदलत बसला होता.

त्यानं ती ओळ काढली. प्रोग्राम पुन्हा बांधला, चाचणीला लावला, आणि पडद्यावर खोट्या गाड्यांची खोटी वजनं एकामागून एक उमटताना बघत बसला. बरं वाटायला हवं होतं. पुण्यात हडपसरला पहिली नोकरी लागली तेव्हा तिथल्या वरच्या माणसानं सगळ्यांसमोर त्याला म्हटलं होतं की तू घेतोस बाबा, पण सोडत नाहीस. गावाकडची सवय का ही? लोक हसले होते. धनाजीही हसला होता. परंड्याच्या बाजूच्या वस्तीवरून, मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातून आलेला पोरगा, त्याला तेव्हा हसण्याशिवाय दुसरं काही सुचलं नाही. पण त्या दिवसापासून तो सोडायला शिकला. कोडमध्ये तर शिकलाच, बाहेरही शिकला. कुठलीही गोष्ट हातात फार वेळ राहिली की त्याच्या तळव्यांना घाम यायचा. एकदाचं मोकळं झालं की बरं, हे त्याचं पालुपद झालं. रामहरी, त्याचा थोरला भाऊ, जळकोटजवळ हायवेवर मेंढरं पार करताना ट्रकखाली गेला, तेव्हा तेरावा झाला न झाला तोच धनाजीनं उरलेली मेंढरं विकून टाकली. लोक म्हणाले, पोरगं शहाणं, चटकन निस्तरलं. रामहरीची बायको दैवशाला दारात उभी राहून मेंढरं टेम्पोत चढताना बघत होती. त्यातली दोन तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवली होती हे त्याला नंतर कळलं. तेव्हा तिला विचारावं असं त्याला वाटलं नव्हतं. दुःखात असलेल्या माणसाला काय विचारायचं? उलट आपण तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवतोय असंच त्याला वाटलं होतं, आणि आता, या खुर्चीत, खोट्या गाड्या मोजणाऱ्या पडद्यासमोर, त्याला तो टेम्पो पुन्हा दिसायला लागला, आणि त्याच्या मागून, समृद्धीच्या त्या प्रश्नापासून ज्याची आठवण तो टाळत होता, तो फोन.

फोन वीरप्पाचा होता. गेल्या आठवड्यातला. वीरप्पा नळदुर्गला वनखात्याच्या रोपवाटिकेत नोकरीला, मूळचा आळंदकडचा, बायको वारलेली, पोरबाळ नाही. दैवशालासाठी हे स्थळ तिच्या मामानंच आणलं होतं. दोघं एकमेकांना भेटले होते, बोलले होते, आणि दोन्हीकडून होकार होता. म्हाळसाबाईनं, धनाजीच्या आईनं, एकच गोष्ट लावून धरली होती: सुनेनं खुशाल जावं, तिचं वय काय आहे, पण तिची पोरगी करिश्मा जाणार नाही; ती माझ्या रामाची आहे. हे तिनं दैवशालाला तोंडावर सांगितलं नव्हतं, धनाजीला सांगितलं होतं, कारण घरात शिकलेला तो, बोलायचं काम त्याचं. त्याच्या मनानं त्यात आणखी एक धागा ओवला. त्याला आणि ज्ञानेश्वरीला लग्नाला आठ वर्षं होऊन मूल नव्हतं. करिश्मा सात वर्षांची, सुट्टीत धाराशिवला आली की ज्ञानेश्वरीच्या मागं मागं फिरायची. म्हणजे सगळं कसं जागच्या जागी बसत होतं. वीरप्पानं फोन केला तेव्हा तो दबत दबत बोलत होता, पाव्हणं, एक इचारायचं होतं, पोरीच्या, पोरीच्या साळंचं. आणि धनाजीनं त्याला पुढं बोलूच दिलं नाही. तुम्ही पोरीची काळजी करू नका, म्हणाला, ती आमच्याकडं राहील, तिचं सगळं आम्ही बघू, तुम्ही मोकळ्या मनानं लग्न करा. पलीकडं थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग वीरप्पा म्हणाला, बरं, तुमी म्हणताव तसं. फोन ठेवल्यावर धनाजीला हलकं वाटलं होतं, मोठं काहीतरी दिल्यासारखं. त्याच रात्री त्यानं ज्ञानेश्वरीला सांगितलं. तिनं गॅस बंद केला, पुन्हा लावला, आणि बराच वेळ ओट्याकडं तोंड करून उभी राहिली. मग म्हणाली, वहिनी हो म्हणाल्या? तो म्हणाला, हो, ठरलंय सगळं.

साळंचं. तो शब्द आता त्याच्या डोक्यात हलायला लागला. पोरीच्या साळंचं काय? ज्याला पोरगी नको आहे तो शाळेबद्दल कशाला विचारेल? धनाजी उठून पाण्याच्या माठाजवळ गेला, पेला भरला, न पिता ओतून टाकला. समृद्धी म्हणाली, सर, चाचणी संपली, एकदाही बंद पडला नाही. छान, तो म्हणाला, पाठवून दे काट्यावर. तिनं त्याच्याकडं जरा निरखून बघितलं, बहुतेक तिला वाटलं की सरांना राग आला. राग नाही ग, असं सांगावंसं त्याला वाटलं, पण मग काय आहे ते सांगावं लागलं असतं. तेवढ्यात आईचा फोन आला. म्हाळसाबाई फोनवर नेहमी शेताच्या दुसऱ्या बांधावरच्या माणसाशी बोलावं तसं बोलायची. धना, दैवशालानं मोडलं, ती म्हणाली. न्हाय म्हणती. सोयरीक मोडली तिनं. का म्हणून इचारलं तर तोंडात मिठाची गुळणी. तू ये.

रात्रभर त्यानं कूस बदलली. ज्ञानेश्वरीला त्यानं एवढंच सांगितलं की आईचं काम आहे, उद्या जाऊन येतो. तिनं दोन डबे भरून दिले, एक सासूबाईंना, एक करिश्माला, आणि करिश्माच्या डब्यावर झाकण लावताना ते दोनदा दाबून बघितलं. बसमध्ये बार्शीपर्यंत त्याला जागा मिळाली नाही आणि त्याचं त्याला बरंच वाटलं. उभ्या माणसाला सारखं काहीतरी धरावं लागतं, सावरावं लागतं. बार्शीच्या पुढं जागा मिळाली तेव्हा त्याचे पाय आपोआप हलायला लागले, शेजारच्या म्हाताऱ्यानं दोनदा गुडघ्याकडं बघितलं. बाहेर काढलेल्या सोयाबीनचे ढीग, मळणीची धूळ, एका ठिकाणी रस्त्याकडेला मेंढरांचा तांडा थांबलेला. वाघरात, जाळीच्या कुंपणात, मेंढरं बसली होती. त्याला आठवलं, लहानपणी रामहरी आणि तो अशाच वाघराच्या तोंडाशी उभे राहायचे. रात्री लोकांच्या शेतात कळप बसवायचा, सकाळी सोडायचा. वाघर उचलायचा मान रामहरीचा. धनाजीनं एकदा त्याच्या आधी उचललं तेव्हा रामहरीनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला होता. तुझी हायत का ती? कुणी सांगितलं सोडाय? धनाजी रडत आईकडं गेला होता, आणि आई म्हणाली होती, थोरला हाय त्यो. त्यात न्याय नव्हता असं त्याला कित्येक वर्षं वाटत आलं होतं. आता वाटलं, की रामहरी बारा वर्षांचा असताना ज्यांची नावं न् दुखणी सांगू शकायचा त्या मेंढरांपैकी आपल्याला एकसुद्धा वेगळं ओळखू यायचं नाही. मग बसनं खड्डा घेतला आणि तो विचार सुटला, आणि त्याला नुसती भीती वाटायला लागली, दैवशालाच्या तोंडाची.

दैवशाला वस्तीजवळच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. तो गेला तेव्हा पोरं जेवून वर्गात गेली होती आणि ती मोठं पातेलं आडवं पाडून, जवळजवळ त्याच्या आत शिरून घासत होती. त्याला बघून ती उठली नाही. या भावजी, म्हणाली, आणि ओल्या हातानं पदर सारखा केला. तो शेडच्या कट्ट्यावर बसला. काय बोलायचं ते त्यानं बसमध्ये जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य जाग्यावर नव्हतं. त्यानं आधी ज्ञानेश्वरीनं डबा दिलाय असं सांगितलं. मग पाऊसपाण्याचं विचारलं. ती घासत राहिली. शेवटी त्यानं विचारलं, वहिनी, का मोडलंत?

"तुमाला ठाऊक न्हाय व्हय?" ती म्हणाली.

तो म्हणाला, ठाऊक आहे, म्हणूनच आलोय. मग त्यानं सांगितलं. थांबत थांबत सांगितलं, पण काही राखून ठेवलं नाही. वीरप्पांचा फोन आला, त्यांना काहीतरी विचारायचं होतं, मी विचारू दिलं नाही. पोरगी आमच्याकडं राहील असं मीच म्हणालो. तुम्हाला विचारलं नव्हतं. त्यांनी तशी अट घातली नव्हती वहिनी, तुमचा काही गैरसमज झाला असेल तर तो माझ्यामुळं झाला. हे बोलून झाल्यावर त्याला आपली छाती थोडी मोकळी झाल्यासारखी वाटली. आता ती रडेल, किंवा चिडेल, किंवा म्हणेल की बरं झालं सांगितलंत, आणि गाठ सुटेल.

दैवशालानं पातेलं उभं केलं, आत पाणी ओतलं, खळबळलं. "गैरसमज न्हाय झाला," ती म्हणाली. "त्यांनी मला सरळ सांगितलं, तुमच्या दिराचा असा असा निरोप हाय म्हणून. मी म्हणलं, आन् तुमचं काय म्हणणं? तर म्हणले, मी काय बोलणार, तुमचा घरचा मामला." तिनं पाणी दूर भिरकावलं. "तुमी बोललात म्हणून न्हाय मोडलं, भावजी. तुमी सांगितलं आन् त्यांनी ऐकून घेतलं, म्हणून मोडलं. दोघं मिळून माझ्या लेकराचं ठरवून मोकळं झालाव. तुमी भले, ते बी भले. वाईट माणसं असती तर मी भांडले तरी असते."

मोकळं हा शब्द तिच्या तोंडून आला तो धनाजीला अंगावर पाणी पडावं तसा लागला. तिचा आवाज मात्र चढला नव्हता. उन्हाचं, मिठाचं बोलावं तसं ती बोलत होती, आणि हात थांबत नव्हते. ती म्हणाली, मेंढरं विकलीत तेव्हा बी मी काय बोलले न्हाय. मनात म्हणलं, त्यांच्या भावाची व्हती. पर ही माझी हाय. तो म्हणाला, हो. नुसतं हो. त्याला अजून पुष्कळ बोलायचं होतं, की आईनं सांगितलं होतं, की ज्ञानेश्वरी जीव लावेल, की मी वाईट हेतूनं नाही, पण ही सगळी वाक्यं ओठाशी आली आणि तिथं ती त्याला स्वतःलाच ऐकवेनात.

दुपारची छोटी सुट्टी झाली. करिश्मा पळत आली, काकाला बघून थबकली, मग डबा बघून हसली. तिचे पुढचे दोन दात पडले होते. धनाजीनं तिला जवळ ओढलं. त्याच्या मनात एकदम आलं की बरोबर वाट ही आहे, हिलाच कुणी विचारलेलं नाही. आणि त्या नव्या उत्साहात त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, करिश्मा, तुला कुठं राहायला आवडंल गं, हितं, का धाराशिवला, का मायसंगं—

"तिला नका इचारू," दैवशाला म्हणाली. आतापर्यंतचं तिचं हे पहिलं वाक्य होतं ज्याला धार होती. "तिच्यावर नका टाकू त्ये. ती लहान हाय. ते माझं मी धरीन."

पोरगी दोघांकडं बघत डबा घेऊन झाडाखाली गेली. धनाजीचा हात हवेत राहिला होता तो त्यानं खाली घेतला. एक ओळ काढून टाकली की झालं, असं हे नव्हतं. कुठं विचारायचं, कुणाला विचारायचं, कुठं आपण होऊन सोसायचं, याचा काही सरळ नियम त्याच्या हाती लागेना, आणि ही बाई पातेली पालथी घालता घालता तो पाळत होती. त्यानं विचारलं, मग आता मी काय करू? असं आयुष्यात त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं. दैवशालानं हात पुसले.

"जे तुमी बोललात ते तुमीच माघारी घ्या. त्यांना सांगा. माझ्याकडनं काय सांगू नका, तुमच्याकडनं सांगा," ती म्हणाली, आणि फोनवरचं बोलणं ऐकू यायला नको म्हणून भांडी उचलून खोलीत गेली.

वीरप्पानं फोन लगेच उचलला. मागं कुठंतरी पाइपातून पाणी पडत होतं. धनाजीनं सांगितलं, मी त्या दिवशी बोललो ते बोलायचा मला हक्क नव्हता. मी वहिनींना विचारलं नव्हतं. ते माझं बोलणं समजा, त्यांचं नव्हे. पलीकडं पाणी बंद झालं. वीरप्पा म्हणाला, "मी साळंचंच इचारत हुतो, पाव्हणं. हितल्या साळंत नाव घालायचं तर दाखला कुठला लागतोय म्हणून. हेडमास्तरांना भेटून बी आलो हुतो." धनाजीनं डोळे मिटले. वीरप्पा म्हणाला, तुमी तसं बोलल्यावर मला वाटलं, पोरीच्या आईलाच तिला तिकडं ठेवायची आसंल, मी परका माणूस कशाला मधी बोलू. मग म्हणाला, "मीच इचारायला पायजे हुतं तिला. मी येऊ का उद्या?"

या की, असं धनाजीच्या जिभेवर आलं. शब्दाचा अर्धा भाग तोंडातून बाहेरही पडला. मग तो थांबला. थांबा, म्हणाला, विचारून सांगतो, आणि फोन हातात तसाच चालू ठेवून खोलीच्या दाराशी गेला. त्या चार-पाच पावलांत त्याला असं वाटलं की आपण एखादी भरलेली घागर घेऊन चाललोय. दैवशाला तांदळाच्या पोत्याचं तोंड बांधत होती. त्यानं विचारलं, ते उद्या येऊ का म्हणतायत. तिनं गाठ मारली, ओढून बघितली.

"येऊ द्या," ती म्हणाली. "पर ठरवून येऊ नका म्हणावं."

आईला सांगणं याहून अवघड गेलं. म्हाळसाबाई वस्तीवर उन्हात बसून तूर निवडत होती. त्यानं सांगितलं, करिश्मा तिच्या आईबरोबर राहील, ती जिथं जाईल तिथं. म्हाळसाबाईचे हात सुपात थांबले. तू कोण रं सांगणारा, ती म्हणाली. बरोबर होतं. त्यानं परत सांगितलं, माय, मी सांगत नाही, दैवशाला वहिनी तुला सांगतील, तू त्यांच्याशी बोल. मी आजवर तुझ्या वतीनं बोलत आलो, आता नाही बोलणार. माझ्या रामाचं एवढंच उरलंय रं, ती म्हणाली, आणि तो तिच्याजवळ बसला, पण ती सुपाकडंच बघत राहिली. खडा दिसला तो तिनं उचलला, टाकला नाही, मुठीतच ठेवला. निघताना त्यानं पाय धरले तेव्हा तिनं पाठीवर हात ठेवला का नाही हे त्याला नीटसं कळलं नाही. परंड्याच्या स्टँडवर कुर्डुवाडीची गाडी लागलेली होती, धाराशिवची यायची होती. तो बाकावर बसला, उठला, चौकशीच्या खिडकीशी जाऊन आला, पुन्हा बसला. ज्ञानेश्वरीला फोन लावावा म्हणून त्यानं दोनदा फोन काढला. फोनवर सांगितलं असतं तर तिचं तोंड बघावं लागलं नसतं. त्यानं फोन खिशात ठेवला.

घरी पोहोचला तेव्हा दिवेलागण होत होती. ज्ञानेश्वरी दारातच होती. डबे रिकामे आले का ते तिनं आधी बघितलं, करिश्मानं खाल्लं का विचारलं. खाल्लं, तो म्हणाला. दात पडलेत तिचे दोन, पुढचे. ज्ञानेश्वरी हसली, आणि आत जाऊन एक पिशवी घेऊन आली. त्याच्यासमोर पलंगावर तिनं निळा फ्रॉक, पांढरा सदरा, मोज्यांचे जोड मांडले. जवळच्या शाळेचा गणवेश होता. दुपारी घेऊन आले, म्हणाली, नंतर त्या मापाचे संपतात म्हणे. जरा मोठाच घेतलाय, वर्षभर जाईल.

धनाजी उभ्यानंच बोलायला लागला होता, मग पलंगाच्या कडेला बसला आणि सांगितलं. वीरप्पा, शाळेचा दाखला, पातेलं, सगळं. वहिनींनी हो म्हटलेलंच नव्हतं, म्हणाला. मी तुला खोटं सांगितलं. म्हणजे सांगताना मला ते खोटं वाटलं नव्हतं. ज्ञानेश्वरी ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काही फुटलं नाही. फक्त ज्या बोटांनी ती फ्रॉकची चुणी सरळ करत होती ती बोटं चुणीच्या टोकाशी जाऊन थांबली. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती. ती म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं. वहिनी हो म्हणाल्या का, म्हणून."

"हो," तो म्हणाला.

"आता दुकानदार परत घेणार नाही. लेबलं काढली मी सगळी."

त्याच्या खिशातला फोन थरथरला. समृद्धीनं कळवलं होतं की काट्यावर प्रोग्राम दिवसभर चालला, बंद पडला नाही. त्यानं तो पालथा ठेवला. मग सवयीनं, काहीतरी आवरावं, डोळ्यांसमोरून हलवावं म्हणून त्यानं फ्रॉककडं हात नेला, घडी घालायला.

"राहू द्या," ज्ञानेश्वरी म्हणाली. "माझं मी ठेवीन."

त्यानं हात मागं घेतला. तिनं तो फ्रॉक ठेवला नाही. उचलून मांडीवर घेतला आणि तशीच बसून राहिली. खोलीत अंधार होत गेला, दिवा लावायला हवा होता, पण धनाजी उठला नाही. ती उठेपर्यंत तिच्याजवळ बसून राहिला.